बोट कोणत्या बंदराला लागते?

श्रोतेहो, इंदुरात बसून समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात, हे काहींना नवलाचे वाटेल. मुंबईचा किनारा येथून रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. परंतु आपल्या या शहरातील कित्येक मराठी घराण्यांची मुळे कोकणात आहेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींत आगबोटीचा भोंगा अजून वाजत असतो. अशाच एका घरी परवा एक संवाद कानी पडला. नातवाने मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या सहलीच्या बोटीची तिकिटे काढली होती. आजींचे वय ऐंशीच्या पुढे, माहेर देवगडचे. त्या म्हणाल्या, "अरे, बोटीत बसायला मुंबईपर्यंत कशाला जायचे? आमच्या लहानपणी बोट देवगडासमोर उभी राहत असे. आता ती केवढी मोठी झाली म्हणतोस, आणि तिला आमचे बंदर दिसत नाही?"

नातवाला उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. प्रवासी बोटींच्या कंपन्या एखादे बंदर का निवडतात, आणि निवडलेले बंदर पुढे का सोडून देतात? समुद्र तोच, किनारा तोच, गावही तेच. मग बोट कशामुळे फिरते?

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बोटीच्या दृष्टीने बंदरे दोन प्रकारची असतात. एक, जेथून प्रवास सुरू होतो आणि जेथे तो संपतो ते मूळ बंदर. दुसरे, जेथे ती काही तास थांबते ते वाटेवरचे बंदर. रेल्वेचे मोठे जंक्शन आणि वाटेतले लहान स्टेशन यांत जे अंतर असते, तेच या दोहोंत आहे. वाटेवरच्या बंदराला उतारूंना चार घटका रमवता आले म्हणजे पुरते. मूळ बंदराचे तसे नाही. आज मुंबईहून फिरणाऱ्या 'एम्प्रेस' या कॉर्डेलिया कंपनीच्या बोटीत सुमारे १,८०० उतारू मावतात. फेरी संपली की ते सर्व आपल्या सामानासह एका सकाळी उतरतात आणि संध्याकाळच्या आत तितकेच नवे चढतात. तेवढ्याच वेळात शेकडो खोल्या झाडून व्हायच्या, धान्य, भाजीपाला, गोडे पाणी आणि इंधन भरायचे, कचरा उतरवायचा. हे सारे पेलणारे धक्के, गोदामे, मोटारी, उपाहारगृहे आणि विमानतळ ज्या गावापाशी आहेत, तेच गाव मूळ बंदर होऊ शकते.

आता बंदराच्या निवडीची पहिली कसोटी पाहू. ती आहे पाण्याची खोली आणि आसरा. सहलीच्या मोठ्या बोटींना सात ते नऊ मीटर खोल पाणी लागते. आपले कोकण खाड्यांचे आहे. पण बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी नदीने आणलेली वाळू आणि गाळ साचतो. राजापूरच्या खाडीने एके काळी मोठा व्यापार पाहिला. इंग्रजांची वखारही सतराव्या शतकात तेथे होती. पुढे ती खाडी गाळाने उथळ होत गेली आणि मोठ्या जहाजांना राजापूर दुरावले. आजींनी पाहिलेली आगबोटदेखील देवगडच्या धक्क्याला लागत नव्हती. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. किनाऱ्यावरून खपाटे, म्हणजे मोठ्या होड्या, उतारूंना घेऊन तिच्यापाशी जात, आणि लाटेबरोबर खपाटा वर आला की नेमका तो क्षण साधून बायकामुलांना बोटीवर ओढून घेत. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांची नावे त्या पिढीला या चढउतारामुळे पाठ झाली. आणि पावसाळा आला की हा सारा व्यवहार बंद पडे.

खवळलेल्या समुद्राशी खेळ केल्याचे मोल कोकणाने दिलेले आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्वातंत्र्य अवघे एक महिना दूर असताना कोकणातल्या कित्येक घरांवर ही आपत्ती कोसळली. तेव्हा बंदराच्या आसऱ्याचा विचार केवळ सोयीचा नसतो; तो जिवाचा असतो. आजची कंपनी शेकडो म्हातारी माणसे आणि मुले हेलकावणाऱ्या खपाट्यातून उतरवण्यास सहजासहजी धजत नाही, याचे कारण हेच.

खोलीप्रमाणे उंचीचाही अडसर असतो. अमेरिकेत टँपा हे उत्तम बंदर आहे. परंतु त्याच्या वाटेवरचा सनशाइन स्कायवे हा पूल पाण्यापासून सुमारे ५५ मीटरच उंच असल्यामुळे आजच्या अतिप्रचंड बोटी त्याखालून जाऊ शकत नाहीत, आणि त्या फ्लॉरिडातील दुसरी बंदरे धरतात. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरचा मोठा पूल मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला, तेव्हा त्या बंदराची वाटच बुजली आणि तेथून सुटणाऱ्या सहलीच्या बोटी काही काळ नॉरफोकहून सोडाव्या लागल्या. बंदर मात्र धडधाकट होते.

दुसरी कसोटी रात्रीच्या गणिताची. सहलीला निघालेल्या माणसाला दिवसा जमीन पाहायची असते आणि रात्री समुद्रात झोपायचे असते. बोट संध्याकाळी सुटावी आणि सकाळी नव्या गावी लागावी, हा त्या धंद्याचा पाया आहे. समजा, बोटीचा वेग तासाला १८ सागरी मैल आहे आणि ती १४ तास चालते. तर एका रात्रीत ती २५२ सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६७ किलोमीटर कापते. मुंबई ते गोवा हे सागरी अंतर साधारण एवढ्यातच बसते. म्हणूनच मुंबई आणि गोवा यांची जोडी शतकाहून अधिक काळ टिकली आहे. अंतर वाढले तर वेग वाढवावा, असे कोणी म्हणेल. पण वेग दीडपट केला तर दर तासाला लागणारे इंधन तिपटीहून अधिक होते. उलट, मधे प्रत्येक खाडीपाशी थांबू म्हटले तर रात्रीचे गणित मोडते. देवगड सुंदर नाही म्हणून वगळले जात नाही. ते मुंबई आणि गोवा यांच्या मधे पडते म्हणून वगळले जाते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा आपल्या नजरेआड राहते. बंदराच्या पाठीशी असलेला मुलूख, ज्याला शास्त्रात पृष्ठप्रदेश म्हणतात, तो किती मोठा आहे आणि त्याची वाट कशी आहे? वेंगुर्ल्याचे उदाहरण बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात बेळगावचा माल घाट उतरून बैलगाड्यांनी वेंगुर्ल्यास येई आणि ते बंदर गजबजलेले असे. पुढे मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली. १८८८ साली ती गाडी वाहती झाली. बेळगावकडचा व्यापार आगगाडीच्या वाटेला लागला आणि वेंगुर्ल्याची कळा उतरली. वेंगुर्ल्याचा समुद्र त्या वर्षी एक वीतही उथळ झाला नव्हता. बदल घाटमाथ्यावर झाला होता.

आणि या बाबतीत आपला माळवा तर स्वतःच साक्षीदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू समुद्राकडे कोणत्या वाटेने जाई? इंग्रजांचा कर चुकवण्यासाठी तिचा मोठा भाग राजपुताना आणि सिंधमार्गे कराचीला, आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जात असे. वाट लांबची, तरी पडतळ बसे. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती गेला, ती वाट मिटली, आणि माळव्याचा माल मुंबईकडे वळला. मुंबईच्या भरभराटीत त्या व्यापाराचा वाटा फार मोठा होता. तो व्यापार नीतीच्या दृष्टीने कसा होता, हे वेगळे सांगावयास नको. पण बंदराचे भाग्य किनाऱ्यापासून शेकडो कोस आत, उज्जैन-इंदूरच्या पेढ्यांवर कसे ठरत होते, हे त्यातून स्पष्ट दिसते. पुढे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंदुरास खांडव्याशी जोडणाऱ्या रेल्वेसाठी १ कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने दिले, तेव्हा तेही एका अर्थी मुंबई बंदराकडे जाणारी आपली वाट बांधत होते.

या तीन कसोट्या हाती घेतल्या म्हणजे कोकणच्या आगबोटीचा शेवट समजतो. ती केवळ सहलीची बोट नव्हती; चाकरमान्यांची ती नित्याची वाट होती. जोपर्यंत रस्ते वाईट होते तोपर्यंत समुद्र हाच राजमार्ग होता. १९४८ साली एस.टी. सुरू झाली, हळूहळू खाड्यांवर पूल झाले, आणि मोटार माणसाला त्याच्या वाडीपर्यंत नेऊ लागली. बोट त्याला किनाऱ्यावर सोडून देई. ती पावसाळ्यात बंद, मोटार बाराही महिने चालू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा बोट थांबली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाल्यावर जुन्या पद्धतीने ती परत येण्याची आशाही मावळली. १९९० च्या दशकात वेगवान कॅटॅमरान आली आणि गेली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही देखणी बोट मुंबई-गोवा मार्गावर आली. तीही फार काळ टिकली नाही.

मोठ्या सहलीच्या बोटींचीही हीच ये-जा झाली. २००५ साली 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईहून फिरू लागली, २०१६ च्या डिसेंबरात 'कोस्टा निओक्लासिका' मालदीवकडे निघाली, २०१९ साली 'कर्णिका' आली. पहिल्या दोघी परदेशी बाजारपेठांकडे परतल्या. तिसरी महामारीच्या तडाख्याने २०२० साली अलंगच्या जहाजतोडीच्या किनाऱ्यावर गेली. २०२१ पासून कॉर्डेलियाची बोट फिरत आहे, आणि २०२३ च्या जूनमध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळ्याच्या तोंडावर, ती चेन्नईहून श्रीलंकेकडे फेऱ्या करू लागली. यात निष्ठुरपणा नाही. कारखाना जेथे बांधला तेथे राहतो. पण बोट हे भांडवलच तरंगते आहे. रिकाम्या खोलीचे भाडे दुसऱ्या दिवशी वसूल करता येत नाही, म्हणून जेथे सर्व खोल्या भरतील तेथे मालक ती नेतो.

कायद्याचाही येथे मोठा हात असतो. एका देशाच्या दोन बंदरांमधली वाहतूक स्वदेशी जहाजांनीच करावी, असा दंडक पुष्कळ देशांत आहे. १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे सिॲटलहून अलास्काला जाणारी परदेशी निशाणाची बोट वाटेत कॅनडातील एखादे बंदर घेते. भारताने परदेशी सहलीच्या बोटींसाठी हा निर्बंध २००९ पासून सैल केला, म्हणून त्यांना आपली एकाहून अधिक बंदरे जोडता येऊ लागली. कधी गावच बोटीला नको म्हणते. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून मोठ्या बोटी नेण्यास इटलीने २०२१ च्या ऑगस्टपासून बंदी केली, कारण त्या बोटींनी शहरालाच धोका निर्माण झाला होता.

श्रोतेहो, यातून घ्यायचा बोध असा. 'आमच्या गावी धक्का बांधा, म्हणजे बोटी येतील' अशी मागणी किनाऱ्यावर वारंवार ऐकू येते, आणि धक्का लोकांच्या पैशाने बांधला जातो. पण धक्का स्वतः उतारू निर्माण करीत नाही. त्या गावी जाण्याची रोजची गरज असेल, समुद्राची वाट जमिनीच्या वाटेहून खरोखर लवकरची असेल, आणि पाठीशी मुलूख असेल, तरच तो टिकतो. २०२० साली भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारींसह माणसे नेणारी बोट सुरू झाली. ती चालली, कारण अलिबागचा रस्त्याने होणारा तीन तासांचा फेरा तिने सुमारे एका तासावर आणला. मुंबईत २०२५ च्या सप्टेंबरात मोठ्या सहलीच्या बोटींसाठीच्या नव्या स्थानकाचे उद्घाटन झाले; त्याचे यशही केवळ त्याच्या इमारतीवर ठरणार नाही. ते नागपूर, पुणे, सुरत आणि इंदूर येथून निघणाऱ्या उतारूंवर ठरेल. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. तो पूर्ण होईल तेव्हा मुंबईची बंदरे माळव्याच्या अधिक जवळ येतील. पुन्हा एकदा बंदराचा विचार डोंगरापलीकडे होत आहे.

मग आजींना काय सांगावे? त्यांना असे सांगावे की, "आजी, बोटीला तुमचे बंदर दिसत नाही असे नाही. तुमच्या गावाला वाट नव्हती तेव्हा बोट तुमच्या दाराशी येत होती. आता गावाला रस्ता झाला, रेल्वे झाली, आणि बोटीची गरज सरली." हे ऐकून त्यांचे पूर्ण समाधान होईल असे नाही. जी वाट बंद झाली तिच्याबरोबर एक ओळखीचे जग गेले, आणि देवगडच्या खपाटेवाल्याची रोजीही गेली. पण निदान दोष समुद्राचा नव्हता, आणि त्यांच्या गावाचाही नव्हता, एवढे तरी त्यांना कळेल.