जागलीचं कुत्रं आणि बैलाची लाळ

सोयाबीन घरी आलं, कापसाची वेचणी चालू आहे, हरभरा वर निघाला, तूर फुलावर आहे. म्हणजे आता जागल आली. इस्लापूर, सहस्रकुंड, पैनगंगेच्या काठानं ज्यांची शेतं आहेत त्यांना डुकरं आणि रोही एका रात्रीत काय करतात ते सांगायला नको. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवा, हेल्पलाइन १९२६. तारेत करंट मात्र सोडू नका. डुकराच्या आधी आपलाच माणूस चिकटतो.

आज बोलायचं आहे ते जागलीला सोबत येणाऱ्या कुत्र्याबद्दल. बैलाला पोळा आहे, कुत्र्याला उरलेली भाकर. तरी अंधारात डुकराच्या अंगावर तेच जातं, कोल्ह्याशी भांडतं आणि सकाळी कान फाटून येतं. आपण म्हणतो, होईल बरं. कोल्हा पिसाळलेला असेल तर त्या चाव्याचा परिणाम काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसतो. तोवर ती रात्र कोणाच्या ध्यानात नसते. मग तेच कुत्रं अंगणात लेकराला नाहीतर गोठ्यात बैलाला चावतं.

बैलाचं तर लवकर कळतच नाही. बैल चारा सोडतो, वेगळ्याच आवाजात हंबरतो, तोंडातून लाळ गळते. घशात काहीतरी अडकलं असं वाटून आपण सरळ तोंडात हात घालतो. इथंच घात होतो. हाताला साधं खरचटलेलं असलं तरी लाळेतून रोग आपल्याला लागू शकतो. लाळ खुरकूतमध्येही गळते, पण त्यात बहुतेक वेळा जिभेवर आणि खुरात फोड येतात, जनावर लंगडतं. तुम्ही तोंड उघडून बघत बसू नका. जनावर वेगळं बांधा आणि १९६२ वर फोन करून डॉक्टर बोलवा. त्या गाई-म्हशीचं दूध कोणाला देऊ नका.

माणसाला चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. चुना, मिरची, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथं फुकट मिळते. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सिरमही द्यावं लागतं, ते आठवणीनं विचारा. डॉक्टर देतील त्या तारखांना सगळे डोस घ्या. दुसऱ्या डोसनंतर बरं वाटलं म्हणून वेचणीला थांबणारे पुष्कळ आहेत. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल.

कुत्र्याला वर्षाला एक लस पुरते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेतून पिल्लू आणणार असाल तर लस टोचली आहे का ते विचारा. कागद नसेल तर टोचलेली नाही असंच धरा.

तुमच्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली ते आठवत नसेल, तर जागलीला नेण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. धरायला दोन माणसं लागतात, शेजाऱ्याचंही सोबत न्या.