पोरगं ‘ढ’ आहे, हे ठरवलं कुणी?

‘ढ’ हे अक्षर आमच्या वस्त्यांना नवे नाही. आमच्या वडिलांना ते चिकटवले गेले, आम्हालाही काही वर्षे चिकटलेले होते. पण परवा ते आमच्या सख्ख्या भाच्याच्या कपाळी मारले गेले, तेव्हा आम्ही हादरलो.

आमची धाकटी बहीण भिवंडीत राहते. मेहुणे पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करतात. पोरगा सहावीत. एका संध्याकाळी ती प्रगतिपुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “दादा, बाई म्हणतात याच्या डोक्यात काही शिरतच नाही. काढून घ्या आणि लावा कांडी भरायला.” (शाळेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. पत्रव्यवहार चालू आहे.)

वकिली डोके लगेच तापले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नव्हे. कलम १७ तर मानसिक छळालाही बंदी करते. नोटीस ठोकायला आम्ही बसलोही होतो.

पण बांधवांनो, त्याआधी एक कबुली द्यायला हवी. त्या पोराला ‘ढ’ म्हणण्यात आम्हीही मागे नव्हतो. दर जयंतीला विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यात आम्हीच त्याला सर्वांसमोर म्हणालो होतो, “बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, आणि तुला एक पान वाचता येत नाही?” पोरगा खाली मान घालून बसला होता. पुढच्या जयंतीला पोट दुखते म्हणून तो आलाच नाही. महापुरुषाचा आदर्श आम्ही छडीसारखा वापरला, आणि वर त्याला संस्कार म्हणालो!

नोटिशीसाठी पुरावा हवा म्हणून त्याच्या वह्या मागवल्या. आळशी मुलाच्या त्या वह्या नव्हत्या. पानेच्या पाने लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. ‘कामगार’चे ‘कागमार’, ‘भ’च्या जागी ‘म’, ‘घ’च्या जागी ‘ध’. पहिली वेलांटी हमखास पुढच्या अक्षराला. आपल्या लिपीत ती उच्चारायची अक्षरानंतर आणि काढायची अक्षराआधी, हे आपण कधी लक्षातही घेत नाही. रफार आणि जोडाक्षरांपाशी तर पेन्सिल मोडल्याच्या खुणा होत्या. तोच पोरगा तोंडी हिशेबात मात्र पक्का. बापाच्या लूमचे मीटर आणि पगार तो मनात मांडतो. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो.

अशाच एका मुलाची नोंद इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरने १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली होती. मुलगा चौदा वर्षांचा, हुशार, पण वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा वर्गात पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचेच मत होते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. ही बुद्धीची उणीव नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात मेंदूला पडणारी ही अडचण आहे, आणि ती जन्मजात असते. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा आम्हीही थिएटरात डोळे पुसले होते. पण तो आजार मोठ्या घरच्या पोरांचा, असे समजून घरी आलो. वस्तीतल्या पोराला डिस्लेक्सिया होत नाही, तो फक्त ‘ढ’ असतो!

मग तपासणी. खासगी शैक्षणिक मानसतज्ज्ञांचे शुल्क ऐकून बहीण उठूनच उभी राहिली. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा विभाग अनेक वर्षांपासून आहे, इतर काही सरकारी रुग्णालयांतही सोय आहे. आम्ही एका ठिकाणी नाव घातले आणि तारखेची वाट पाहिली. एका बैठकीत काम होत नाही. भिवंडीहून शेअर रिक्षाने कल्याण, तिथून लोकल. प्रत्येक खेपेला बहिणीचा शिवणकामाचा दिवस बुडाला.

काय काय होते ते सविस्तर सांगतो, कारण भीती तिथेच असते. सुई नाही, मशीन नाही. आधी डोळे आणि कान तपासतात. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांच्या बाबतीत कान तपासणे किती गरजेचे, ते भिवंडीकरांना सांगायला नको. मग आईशी बोलणे: बाळंतपण कसे झाले, बोलायला कधी लागला, शाळा किती बुडाली. शाळेचा अहवाल आणि वह्या मागतात, त्या जपून ठेवा. नंतर बुद्धिमत्ता चाचणी: ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, आकडे ऐकून उलटे सांगणे, शब्दांचे अर्थ. शेवटी वाचन, शुद्धलेखन, गणित यांची वेगळी चाचणी. आमच्या भाच्याची बुद्धिमत्ता सर्वसाधारण निघाली, वाचन दुसरीच्या पातळीवर. मॅडमनी अहवाल आधी पोरालाच समजावून सांगितला. तो एवढेच म्हणाला, “म्हणजे मी येडा नाही ना?” बहीण रडली. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

इथे मात्र सावध राहायला हवे. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या काळ्या पालकांनी खटला भरला. त्यांच्या मुलांना बुद्ध्यांक चाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात ढकलले जात होते. काळ्या मानसतज्ज्ञांनी त्याच मुलांची नव्याने तपासणी केली, तेव्हा गुण वर गेले. १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी अशा वर्गांसाठी काळ्या मुलांच्या बुद्ध्यांक चाचण्या वापरण्यास मनाई केली. ‘लॅरी पी.’ म्हणून हा निकाल ओळखला जातो. आपल्याकडे मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी १९६९ सालची. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढची तपासणी, अशी पायरी घातली. ज्या घरात पुस्तकच आले नाही, त्या घरचे पोर शब्दार्थात मागे पडून ८५ च्या खाली घसरले तर? भिवंडीत घरी तेलुगू किंवा भोजपुरी बोलणारी किती पोरे मराठी-उर्दू शाळांत बसतात! त्यांची चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे पालकाने विचारलेच पाहिजे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी मराठीतही तयार केली आहे. आणि उलट बाजूही आहे. वर्गात वर्षभर शिक्षकच नसेल आणि पोराला वाचता येत नसेल, तर तो डिस्लेक्सिया नव्हे. तो सरकारचा गुन्हा आहे.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग कायद्यात डिस्लेक्सियाला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती दिली. त्याचे कलम १६ सांगते की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि योग्य अध्यापनाची सोय करणे ही मान्यताप्राप्त शाळेचीही जबाबदारी आहे. म्हणजे आमच्या बहिणीने धावपळ करायची नव्हती, शाळेने करायची होती! परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट या सवलती आहेत, आणि त्या मेहेरबानी नाहीत. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात बजावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘नीट’ परीक्षेत जादा तास नाकारल्या गेलेल्या डिसग्राफियाच्या विद्यार्थिनीच्या बाजूने न्यायालय उभे राहिले. तिला फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. उशिरा मिळालेला न्याय असाच अर्धा असतो.

‘दिव्यांग’ हा शिक्का नको, पुढे नोकरीत आडवा येईल, असे मेहुण्यांचे म्हणणे पडले. एक शिक्का जन्माने लागलेला, त्यात दुसरा कशाला? त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. दोन रात्री बोलणे झाले. प्रमाणपत्र काढायचे ठरले. चौदाव्या वर्षी ते पुन्हा तपासावे लागेल.

आता दर शनिवारी विहारात एक निवृत्त बाई त्याला आणि आणखी चार पोरांना शिकवतात. वाळूत अक्षर गिरवायचे, तोंडाने ध्वनी काढायचा, टाळीवर शब्द फोडायचा. सावकाश चालले आहे. यंदाच्या अठरा तासांच्या अभ्यासात या पाचही जणांनी ऐकून अभ्यास करायचा, असे मंडळाने ठरवले. दोन जुन्या कार्यकर्त्यांचा याला विरोध होता, तो त्यांनी सभेत नोंदवला.

नोटीस आम्ही पाठवली नाही. कलम १६ नमूद करून शाळेला अर्ज दिला, अहवालाची प्रत जोडली. दखल घेतली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाऊ, हेही लिहिले. अर्जाची पोच आमच्याकडे आहे. उत्तर अजून आलेले नाही.