एकच सिलिंडर का तापतो?

पाथर्डीहून नगरला जाताना करंजी घाटात उन्हाच्या वेळी जुनी गाडी तापणारच. पण राजदूत ३५० सारख्या दोन सिलिंडरच्या गाडीत एकच बाजू जास्त तापत असेल, तर दोष उन्हाचा नाही.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या मदतीने आणलेल्या या ३४७ सीसी टू-स्ट्रोक गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आणि स्वतंत्र पॉइंट असतो. म्हणून शेजारचा सिलिंडर हीच उत्तम मोजपट्टी.

आधी दोन्ही प्लग काढा. कॉफीरंगी टोक म्हणजे ठीक. पांढरेफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मग प्लगांची अदलाबदल करा. लक्षण प्लगबरोबर दुसरीकडे गेले तर प्लगच दोषी. तिथेच राहिले तर कार्ब्युरेटरचा जेट तुंबलेला असू शकतो, किंवा त्याला इंजिनाशी जोडणारे रबर चिरलेले. माझा पहिला संशय नेहमी या रबरावर! चिरेतून जादा हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते आणि पिस्टन भाजू लागतो. त्या बाजूचा पॉइंट लवकर उघडून ठिणगी आधी पडत असली, तरीही उष्णता वाढते.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइलपंपाची त्या बाजूची नळी तपासायलाच हवी. तेल थांबले की पिस्टन चिकटतो, आणि तो चालत्या गाडीचे मागचे चाक जागीच अडकवू शकतो.