घराला ओळखणारा डॉक्टर

सकाळचे दहा वाजतात आणि वस्तीतल्या दवाखान्यासमोर चपलांची रांग लागते. तापाने मलूल झालेले मूल आईच्या मांडीवर पडलेले असते. शेजारी रक्तदाबाच्या गोळ्या संपलेले आजोबा जुना केसपेपर सांभाळत बसलेले असतात. कोपऱ्यातली तरुण सून ‘नुसते डोके दुखते’ एवढेच सांगायला महिन्यात तिसऱ्यांदा आलेली असते. आत बसलेल्या डॉक्टरांना प्रत्येकासाठी जेमतेम पाच-सात मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात मुलाचा ताप साधा की धोक्याचा हे त्यांना ठरवायचे असते, आजोबांनी गोळ्या मध्येच का सोडल्या ते काढून घ्यायचे असते आणि डोकेदुखीमागे कोणता ताण दडला आहे ते सुनेला न दुखावता विचारायचे असते.

हे काम वरवर पाहता सोपे वाटते. ‘सर्दी-खोकल्याचा डॉक्टर’ असे म्हणून आपण त्याची किंमतही कमी करतो. परंतु छातीत जळजळ होते म्हणून आलेल्या अनेकांपैकी बहुतेकांना पित्ताचा त्रास असतो आणि एखाद्याचा हृदयविकार असतो. सर्वांनाच मोठ्या तपासण्यांना धाडले, तर पैसा आणि मनःशांती दोन्ही जातात. कोणालाच धाडले नाही, तर एखाद्याचा जीव जातो. विशेषज्ञाकडे रुग्ण पोहोचतो तेव्हा आजाराला बहुधा आकार आलेला असतो. कुटुंबाच्या डॉक्टरांपुढे मात्र तो पहिल्या दिवसाच्या अस्पष्ट रूपात येतो. अशा वेळी आज काय करायचे, कशाची वाट पाहायची आणि कोणते लक्षण दिसताच रात्रीसुद्धा रुग्णालय गाठायचे, हे रुग्णाला नेमके समजावून सांगणे हेच त्यांचे कौशल्य.

हे कौशल्य शिकवले कुठे जाते? केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली एक प्रसिद्ध हिशेब मांडला होता. अमेरिका आणि ब्रिटनमधील माहितीवरून त्यांनी दाखवले की, 1000 प्रौढांपैकी सुमारे 750 जणांना महिन्याभरात काही ना काही दुखणे जाणवते, 250 जण डॉक्टरांकडे जातात, 9 जण रुग्णालयात दाखल होतात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत केवळ 1 जण पोहोचतो. भावी डॉक्टर प्रामुख्याने शिकतो तो त्या एकाच्या खाटेशेजारी. पुढे दवाखाना थाटल्यावर त्याची गाठ पडते ती 250 जणांशी.

आपल्या देशात ही उणीव फार पूर्वीच ओळखली गेली होती. भोर समितीने 1946 च्या अहवालात समाजाचे आरोग्य राखणारा डॉक्टर घडवण्यावर भर दिला होता आणि त्यासाठी शिक्षणात तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला द्यावेत, असे सुचवले होते. आजही एमबीबीएस पदवीधर हा रुग्णाचा ‘प्रथम संपर्काचा डॉक्टर’ असावा, हेच अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट आहे. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एका वर्षाची इंटर्नशिप झाली की त्याला व्यवसाय करता येतो. इंटर्नशिपमधील काही काळ तो ग्रामीण वा नागरी आरोग्य केंद्रात काढतो. अलीकडे विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवण्याचा उपक्रमही सुरू झाला आहे. कौटुंबिक वैद्यकात तीन वर्षांचे डीएनबी किंवा एमडी असे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. पण त्या वाटेने जाणारे थोडेच. ब्रिटनमध्ये मात्र पदवीनंतर साधारणतः दोन वर्षांचे पायाभूत आणि तीन वर्षांचे विशेष प्रशिक्षण पूर्ण केल्यावाचून स्वतंत्रपणे ‘जीपी’ म्हणून काम करता येत नाही. आपल्याकडे ‘नुसता एमबीबीएस’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्या ‘नुसता’ने हुशार विद्यार्थ्यांना या वाटेपासून किती दूर ठेवले असेल, याचा विचार समाजानेच करावयास हवा.

तथापि, प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी एक गोष्ट कोणतेही महाविद्यालय देऊ शकत नाही. ती म्हणजे एका घराची अनेक वर्षांची ओळख. वडिलांना पन्नाशीत हृदयविकार झाला होता, मुलीला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, आजी दुखणे लपवते आणि काका ते वाढवून सांगतात, ही सारी माहिती म्हणजे थेंबाथेंबाने साठलेली ठेव असते. या ठेवीचे मोल मोजलेही गेले आहे. नॉर्वेमध्ये 2001 पासून प्रत्येक नागरिकाला स्वतःचा नेमलेला डॉक्टर असतो. तेथील सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास करता असे आढळले की, ज्यांचा डॉक्टर 15 वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण, एकाच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत सुमारे पाव हिश्श्याने कमी होते. यामागे इतर कारणेही असू शकतील. तरीही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दर दुखण्याला नवा डॉक्टर गाठणारे कुटुंब ही ठेव दर वेळी मोडून टाकते.

जैन घरांना या ओळखीची गरज काकणभर अधिकच आहे. पर्युषणात एकासणे, आयंबील, उपवास, अठ्ठाई घराघरांत होतात. पुष्कळ तपस्वी मधुमेह वा रक्तदाबाची औषधे घेणारे असतात. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन आहार बंद ठेवला, तर साखर एकाएकी उतरते. घाम, थरथर, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी येते. काही नव्या गोळ्या उपवासात शरीरातील आम्ल धोकादायक प्रमाणात वाढवू शकतात. चौविहार उपवासात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू राहिली, तर शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडावर ताण पडतो. अशा वेळी आपल्या मनाने औषध थांबवणे जितके घातक, तितकेच ते आहे तसे चालू ठेवणेही घातक. यासाठी तपापूर्वी पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जावे. कोणते तप आहे, पाणी घेणार की नाही, पारणे केव्हा, हे मोकळेपणाने सांगावे. घराला ओळखणारा डॉक्टर तपाची थट्टा करीत नाही. मात्रा आणि वेळा बदलून देतो आणि प्रसंगी ‘या वर्षी नको’ असेही सांगतो. असा सल्ला मिळाल्यास खंत करू नये. समाधी टिकून राहावी म्हणून पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत. त्याविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे.

आपल्या परंपरेत औषधदान हे चतुर्विध दानांपैकी एक आहे आणि वैयावृत्य हे आभ्यंतर तप मानले गेले आहे. समाजाच्या दानातून मोठी रुग्णालये उभी राहिली, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु ज्या पहिल्या पायरीवर बहुतेक दुखणी निभावतात, तिकडेही दात्यांची दृष्टी वळली पाहिजे. कौटुंबिक वैद्यकात शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देता येईल. उपाश्रयाजवळच्या धर्मार्थ दवाखान्यात दर महिन्याला नवा डॉक्टर येण्याऐवजी एकच डॉक्टर पुष्कळ वर्षे टिकेल, असे मानधन ठरवता येईल.

प्रत्येक घराला करता येण्याजोगी गोष्ट याहूनही सोपी आहे. सर्व धडधाकट असतानाच घराजवळचा एक विश्वासू डॉक्टर निवडावा. सर्वांचे जुने कागद आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलीत ठेवावी. विशेषज्ञाकडे जाऊन आल्यावर त्यांची चिठ्ठी पुन्हा आपल्या डॉक्टरांना दाखवावी. मध्यरात्री घरातल्या कोणाला धाप लागली, तर फोन उचलणाऱ्याला रुग्णाचे नाव आधीपासून ठाऊक असावे, एवढ्यासाठी ही आजची तजवीज.