बीअर घातलेलं गरम चीज डिप

मैत्रिणींनो, नागपूरची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसा गच्चीत ऊन खायचं आणि दिवेलागण झाली की गरमागरम काहीतरी हवं! आलूबोंडे आणि भजी आहेतच; पण हल्ली कॉलेजातली पोरंसोरं ‘काकू, बीअरचं चीज डिप येतं का हो?’ असं विचारून मोकळी होतात. दचकू नका. स्वित्झर्लंडमध्ये पांढऱ्या वाईनमध्ये चीज वितळवून त्यात पावाचे तुकडे बुडवून खातात, इंग्रज लोक बीअर घातलेलं चीज टोस्टवर ओततात. प्रकार तसा जुनाच.

कृती सोपी आहे. २०० ग्रॅम चीज किसून ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात टेबलचमचाभर लोणी वितळवून तेवढाच मैदा परता, रंग बदलू देऊ नका. अर्धी वाटी कोमट दूध थोडं थोडं घालत घोटा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग अर्धी वाटी बीअर, फेस बसल्यावर, सावकाश ओता. दोन-तीन मिनिटं शिजवून गॅस अगदी मंद करा आणि चीज मूठमूठ घाला. एक मूठ विरघळल्याशिवाय दुसरी नाही! शेवटी चिमूटभर मोहरीची पूड आणि तिखट. मीठ नको, चीजमध्ये असतंच.

चीज पडल्यावर उकळी आणायची नाही, बरं का. जास्त आचेनं चीजमधली प्रथिनं आक्रसतात आणि तूप वेगळं सुटतं. आपल्या फ्रीजमधलं प्रोसेस्ड चीज मात्र सहसा दगा देत नाही, कारण त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. महागाचं साधं चेडर आणलंत तर किसाला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून घ्या. बीअर हलकी घ्यावी; ‘स्ट्राँग’ लिहिलेली नको. कडू बीअर आटली की आणखीनच कडू लागते.

आता मुख्य गोष्ट. ‘शिजलं की दारू उडून जाते’ असं सगळेच सांगतात. ते पूर्ण खरं नाही! अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे उकळत्या पदार्थात मद्य घालून लगेच उतरवलं तर सुमारे ८५ टक्के शिल्लक राहतं, पंधरा मिनिटं शिजवलं तरी ४० टक्के. आपलं डिप तर पाच मिनिटांत होतं. आठ माणसांत अर्धी वाटी बीअर म्हणजे नशा येण्याचा प्रश्नच नाही, हे खरं. पण ज्यांनी मोठ्या कष्टानं दारू सोडली आहे त्यांच्या जिभेला ती चव पुन्हा कशाला? त्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील तर थोड्याशा मद्यानंही छातीत धडधड, उलट्या सुरू होऊ शकतात. गरोदर सून, लहान मुलं, माळकरी सासूबाई यांचाही विचार हवा. तेव्हा पाहुण्यांना आधी सांगा, मगच वाटी पुढे करा. गुपचूप वाढणं मला तरी पटत नाही. आणि भाऊजींकडे वर्ध्याला न्यायचं म्हणून बीअरची बाटली पिशवीत टाकू नका, तिथे दारूबंदी आहे! १९९३पासून गडचिरोलीतही आहे.

मी दोन पातेली करते. दुसऱ्यात बीअरऐवजी ताकाची निवळ, आणि बीअरच्या कडवटपणासाठी भाजलेल्या मेथीची अगदी चिमूटभर पूड. आंबट-कडू चव छान जमते. दोन वाट्या वेगळ्या रंगाच्या ठेवा, चमचेही वेगळे.

बुडवायला गाजर, मुळा, वाफवलेली फुलकोबी, भाजलेल्या पावाचे तुकडे. ज्वारीच्या भाकरीचे कुरकुरीत तुकडे तर फारच छान. वाटी गरम पाण्याच्या ताटलीत ठेवली की डिप घट्ट होत नाही; झालंच तर चमचाभर गरम दूध. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. मुलांच्या डब्यातल्या सँडविचला मात्र निवळीचंच लावा.