पेशींतील पिवळा ठिपका

गेल्या वर्षीं आमच्या नात्यांतील एका गृहस्थांच्या रक्तांत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्या, तेव्हां डॉक्टरांनीं ‘फिश’ नांवाची परीक्षा करविली. नांव ऐकून घरांतील वडीलधाऱ्या बाईंस ती मासळीची कांहीं बाब वाटली! ही परीक्षा कशी होते तें शेतकरी बंधूंस सांगावें, असें तेव्हांच मनांत आलें.

मनुष्याच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. त्यांस गांवें मानिलें तर जनुकें हे त्यांतील सर्व्हे नंबर होत. एका गांवचा तुकडा दुसऱ्या गांवच्या नंबरास जोडला गेल्यास केवढा घोटाळा होतो, हें महसूल खात्यांत केस पिकविलेल्या मला ठाऊक आहे. ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगांत हेंच घडतें. ९ व्या गुणसूत्रावरील ‘एबीएल’ जनुकाचा तुकडा २२ व्या गुणसूत्रावरील ‘बीसीआर’ जनुकास जोडला जातो. आंखूड झालेलें तें २२ वें गुणसूत्र १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें प्रथम दिसलें. ही अदलाबदल आहे, हें जॅनेट राउली बाईंनीं १९७३ सालीं दाखविलें.

डीएनएचे दोन धागे ठराविक जोडीनेंच एकमेकांस बिलगतात. इष्ट जनुकास जुळेल असा तुकडा तयार करून त्यास चकाकणारा रंग लावितात, हाच शोधक. रक्तांतील किंवा हाडांच्या मगजांतील पेशी कांचेच्या पट्टीवर पसरून तापविल्या म्हणजे धागे सुटे होतात. मग शोधक घालून ३७ अंश उष्णतेंत रात्रभर ठेवितात. शोधक आपला जोडीदार हुडकून चिकटतो. उरलेला धुऊन टाकितात.

निरोगी पेशींत एबीएलचे दोन तांबडे व बीसीआरचे दोन हिरवे ठिपके अलग दिसतात. रोगट पेशींत तांबडा व हिरवा एकत्र येऊन पिवळा ठिपका उमटतो. निरोगी पेशींतहि क्वचित् दोन ठिपके योगायोगानें एकावर एक येतात, म्हणून पुष्कळ पेशी मोजल्याखेरीज निकाल देत नाहींत. (एकच बांध पाहून सगळ्या शिवाराचा पंचनामा लिहिणारे आम्हीं पाहिले आहेत!) मात्र शोधक ज्यासाठीं केला तेवढेंच तो सांगतो, इतरत्रचा बिघाड त्यास दिसत नाहीं.

त्या जोड जनुकापासून होणारें प्रथिन पेशींस अखंड वाढावयास लाविते. त्यास अडविणाऱ्या ‘इमॅटिनिब’ औषधास अमेरिकेंत २००१ सालीं मान्यता मिळाली. आमच्या गृहस्थांच्या पेशींत पिवळे ठिपके निघाले व ती गोळी सुरू झाली. रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. परंतु यंदा पेरणीस ते स्वतः पाभरीमागें उभे होते.