नातवाचे अलाइनर आणि आजींचा गुळाचा चहा

काही महिन्यांपूर्वी एक आजी आपल्या सतरा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तक्रार खोकल्याची होती. घसा पाहण्यासाठी तोंड उघडायला सांगितले, तेव्हा मुलाने दातांवरचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे काढून हातात धरले. पुढे आलेले दात ओळीत आणण्यासाठी लावलेले ते अलाइनर होते. माझे लक्ष मात्र हिरडीलगतच्या, खडूसारख्या पांढऱ्या डागांकडे गेले. साचे घालून काय खातोस, काय पितोस, असे विचारताच आजीच उत्तरल्या, "जेवताना काढतो की. चहा तेवढा घालूनच पितो. पण डॉक्टर, साखरेचा नाही हं, गुळाचा देते मी त्याला."

आजींच्या मायेविषयी शंका नव्हती. आपला वारणेचा परिसर उसाचा. गूळ आणि काकवी घरोघरी असतात. गूळ पथ्याचा आणि साखर तेवढी अपायकारक, अशी आपली धारणा असते. दातांच्या बाबतीत हा भेद टिकत नाही. गुळातील मुख्य घटकही साखरच आहे, आणि दातांवरील जंतूंना तिचा रंग कळत नाही.

हे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले, की गोड पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरील थरातील आम्लता वाढते आणि ती पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दातावरील कठीण कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. ही झीज भरून काढते ती लाळ. ती आम्ल सौम्य करते आणि कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत देते.

अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास दातांवर असतात. त्यांच्याखाली लाळ मोकळेपणाने खेळत नाही. चहाचा घोट मात्र कडेने आत शिरतो आणि तिथेच साचून राहतो. कीड साच्यामुळे लागत नाही. साच्याआड कोंडलेल्या गोडामुळे लागते.

म्हणून घरातील ज्येष्ठांनी आणि मुलांची काळजी घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साचे तोंडात असताना फक्त साधे पाणी द्यावे. चहा, सरबत, उसाचा रस, दूध, यांपैकी काहीही घ्यायचे असेल तर साचे काढावेत. तेही वारंवार काढता येत नाहीत. म्हणून चहा आणि गोडधोड जेवणाच्या किंवा न्याहारीच्या वेळेलाच जोडावे. खाल्ल्यानंतर दात घासूनच साचे पुन्हा घालावेत. शाळा-महाविद्यालयात ते शक्य नसल्यास निदान खळखळून चूळ भरावी.

रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. फेस थुंकावा, लगेच पाण्याने चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. दातांच्या फटी धाग्याने स्वच्छ कराव्यात. काही दातांवर साच्याच्या पकडीसाठी छोटे उंचवटे चिकटवलेले असतात. त्यांच्या कडेला अन्नकण अडकतात, तिथे ब्रश जपून फिरवावा. साचे थंड पाण्याने व मऊ ब्रशने धुवावेत. गरम पाण्याने त्यांचा आकार बिघडतो. काढल्यावर ते डबीतच ठेवावेत. रुमालात गुंडाळलेले साचे कचऱ्यात गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

बोलता बोलता आजींनी पदराआडून खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. "तोंडाला कोरड पडते," त्या म्हणाल्या. मग मी त्यांचेही दात तपासले. त्यांना काढता-घालता येणारी अर्धी कवळी होती, आणि तिची तार ज्या दाताला अडकते तोच दात मुळाशी किडला होता.

नातवाचा साचा आणि आजींची कवळी यांचा न्याय एकच. उतारवयात हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडते. त्यावर इनॅमल नसते, त्यामुळे ते लवकर किडते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनी लाळ कमी होते. अशी कोरड पडत असल्यास औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. खडीसाखर चघळण्याऐवजी पाण्याचे लहान घोट घ्यावेत. प्रत्येक खाण्यानंतर कवळी धुवावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि उरलेले दात फ्लोराइडयुक्त पेस्टनेच घासावेत. मिश्रीने दात राखले जात नाहीत. ती तंबाखू आहे.

मी दंतवैद्य नाही. म्हणून दोघांनाही जवळच नवे पारगाव येथील दंत महाविद्यालयात पाठवले. पांढरे डाग ही किडीची पहिली पायरी असते. पृष्ठभाग शाबूत असेपर्यंत फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी ती तिथेच थोपवता येते. खड्डा पडल्यावर मात्र दात कोरून भरण्यावाचून उपाय नसतो. नातवाचे डाग थोपले. आजींचा दात भरावा लागला.

परवा त्या रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा आपणहून म्हणाल्या, "आता आमचा दोघांचा चहा न्याहारीबरोबरच असतो, डॉक्टर. आणि त्यानंतर आधी मी कवळी धुते, मग तो त्याचे साचे."